जुन्या लेथचे वय

व्हाइटफील्ड हे नाव आज संगणक कंपन्यांच्या इमारतींशी, २०२३ मध्ये तिथवर पोहोचलेल्या मेट्रोशी आणि पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पत्त्यांशी जोडले गेले असले, तरी त्या वस्तीचा इतिहास याहून पुष्कळ मागे जातो. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराज वडेयर यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, संघटनेचे पुढारी व्हाइट यांच्यावरून वसाहतीचे नाव पडले, आणि पुढे स्वातंत्र्योत्तर काळात बेंगळुरूहून तिकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कृष्णराजपुरम, महादेवपुरा आणि हूडी या टापूत, कारखाने आणि त्यांच्या आधाराने जगणारी छोटी वर्कशॉपे उभी राहिली. १८८८ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे सुरू झालेल्या आणि एके काळी जगातील सर्वांत मोठ्या यंत्रनिर्मात्यांत गणल्या गेलेल्या आल्फ्रेड हर्बर्ट कंपनीची भारतीय शाखा १९१९ मध्ये कलकत्त्यात नोंदली गेली, आणि तिचा एक कारखाना याच व्हाइटफील्ड रोडवर होता. जुन्या लेथचे मॉडेल आणि वय कसे ओळखावे या प्रश्नाचा विचार या रस्त्यावरून सुरू करण्यास त्यामुळे सबळ कारण आहे. कारण ब्रिटिश, अमेरिकी, स्विस आणि देशी अशा चारही परंपरांची यंत्रे बेंगळुरूच्या आसमंतात येऊन मिळाली, आणि त्यांतली एक परंपरा थेट मराठी उद्योजकांची आहे.

लेथ म्हणजे धातूचा तुकडा स्वतःभोवती फिरवून त्यावर घट्ट धरलेल्या हत्याराने कट घेणारे यंत्र. त्याचा पाया म्हणजे बिडाच्या ओतकामातून घडवलेला लांब बेड, ज्याच्या वरच्या अंगाला अचूक तासलेल्या मार्गिका असतात. डाव्या टोकाला हेडस्टॉक, ज्यात फिरणारा मुख्य दंड म्हणजे स्पिंडल बसवलेला असतो. उजव्या टोकाला लांब कामाला टेकू देणारा टेलस्टॉक. आणि या दोहोंमध्ये हत्यार घेऊन सरकणारे कॅरेज. आटे पाडताना कॅरेज ठरलेल्या गतीने ओढून नेणारा जो लांब स्क्रू बेडच्या पुढच्या अंगाला असतो, त्याला लीड स्क्रू म्हणतात. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्सले याने १८०० च्या सुमारास लीड स्क्रू, सरकते हत्यार आणि बदलता येणारी दातेरी चक्रे यांची जी जुळणी पक्की केली, तिचा सांगाडा पुढील दीड शतकात फारसा बदलला नाही. आणि वय ओळखण्याची खरी अडचण इथेच आहे, कारण पन्नास वर्षांच्या अंतराने घडलेले दोन लेथ लांबून पाहणाऱ्याला सारखेच दिसतात.

पाहणाऱ्याची नजर प्रथम पितळी पाटीवर जाते, आणि बहुतेक चुकांची सुरुवातही तिथेच होते. लेथवर एकाहून अधिक पाट्या असू शकतात: निर्मात्याची, विक्रेत्याची, मोटरची, आणि कधी आटे पाडण्याच्या चक्रांचा तक्ता देणारी. हर्बर्ट कंपनी स्वतःचे कॅप्स्टन आणि टरेट लेथ, म्हणजे एकामागून एक अनेक हत्यारे पुढे आणणारे लेथ, बनवत असे, परंतु त्याबरोबरच ती इतर अनेक निर्मात्यांची यंत्रे विकणारी मोठी दलाल होती. त्यामुळे हर्बर्टचे नाव असलेली पाटी पाहून यंत्र हर्बर्टचेच आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. ती पाटी केवळ विक्री कोणी केली एवढेच सांगत असेल. मुंबई-कलकत्त्याच्या आयातदारांच्या पाट्यांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. शिवाय पाटी चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि चार स्क्रूंनी निघते, म्हणून मोडीत निघालेल्या एका यंत्राची पाटी दुसऱ्यावर बसणे अशक्य नाही.

तरीही पाटीवरचा मजकूर नीट वाचला तर तो काळाची एक कड पक्की करतो. ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक १९१६ पूर्वी दरवर्षी नव्याने सुरू होत आणि त्यांच्यासोबत वर्ष लिहिलेले असे. १९१६ पासून १,००,००१ या आकड्यापासून एकच सलग मालिका सुरू झाली, म्हणून सहा अंकी क्रमांक असलेली पाटी त्याआधीची असू शकत नाही. अमेरिकी पाट्यांवर पूर्वी पेटंटच्या तारखा छापत, १९२७ च्या कायद्यानंतर तारखेऐवजी क्रमांक येऊ लागले. भारतीय पाट्यांवर पत्ताच उपयोगी पडतो: पिन कोड असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, आणि राज्याचे नाव कर्नाटक असे असेल तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरची, कारण त्या दिवसापर्यंत राज्याचे नाव म्हैसूर होते. पाटीवरच्या अशा खुणांचा उपयोग मुख्यतः एवढाच की त्या ‘याच्या आधीचे नाही’ हे ठामपणे सांगतात. ‘याच्या नंतरचे नाही’ हे सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, कारण छापून ठेवलेल्या जुन्या पाट्या कारखाने संपेपर्यंत वापरत असत.

पाटीपेक्षा विश्वासार्ह पुरावा बेडवर ठोकलेल्या क्रमांकाचा. बेड हा लेथचा असा भाग आहे की तो बदलला तर यंत्रच बदलले असे म्हणावे लागते, म्हणून अनेक निर्माते अनुक्रमांक बेडवरच ठोकत. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या साउथ बेंड कंपनीच्या लेथवर हा क्रमांक टेलस्टॉकच्या टोकाला, पुढच्या मार्गिकेजवळ सापडतो. इंग्लंडच्या मायफर्ड कंपनीने १९४६ मध्ये आणलेल्या एमएल-७ या छोट्या लेथच्या क्रमांकाआधी ‘के’ हे अक्षर येते, तर १९५३ च्या सुपर-७ आधी ‘एसके’. क्रमांकांच्या याद्या जिथे टिकल्या आहेत तिथे वर्ष एका नजरेत मिळते. जिथे त्या टिकल्या नाहीत, तिथे एकाच कारखान्याच्या जेवढ्या यंत्रांची खरेदीची पावती आणि क्रमांक दोन्ही उपलब्ध असतील, तेवढी एका ओळीत मांडून मधल्यांचे वय अनुमानाने काढावे लागते. भारतीय लेथच्या बाबतीत ही दुसरी वाटच बहुतांशी हाताशी आहे, आणि ती चालायची तर प्रत्येक नोंदलेला क्रमांक मोलाचा ठरतो.

यानंतर यंत्राची रचना वाचायची. सर्वांत जुने लेथ स्वतःच्या मोटरवर चालत नसत. कारखान्याच्या छताखाली एक लांब दंड फिरत असे, त्याला लाइन शाफ्ट म्हणत, आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे खाली प्रत्येक यंत्राच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीवर येत. पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकवला की गती बदले. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, सपाट पट्ट्याच्या जागी व्ही पट्टा आला, आणि शेवटी पुली जाऊन हेडस्टॉकमध्येच सगळे गिअर बसवलेला ‘ऑल गिअर’ लेथ रूढ झाला. आटे पाडण्यासाठी पूर्वी प्रत्येक वेळी टोकाची चक्रे काढून दुसरी बसवावी लागत. वेंडेल नॉर्टन या अमेरिकी कारागिराने १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या गिअरबॉक्समुळे एक मूठ सरकवून आट्यांचे माप बदलता येऊ लागले, आणि त्या प्रकाराच्या पेटीला आजही नॉर्टन गिअरबॉक्स म्हणतात. काम घट्ट धरणारा चक किंवा फेस प्लेट जिथे बसते ते स्पिंडलचे टोक जुन्या यंत्रांत आट्यांचे असे, नंतरच्या मोठ्या यंत्रांत कॅमलॉक, म्हणजे चावी फिरवून आवळण्याचे, आले.

ही प्रगती ज्या क्रमाने झाली त्याच क्रमाने ती सगळीकडे पोहोचली असे मानणारा अभ्यासक मात्र भारतात हमखास फसतो. लाइन शाफ्टवर चालणारे पायऱ्यांच्या पुलीचे लेथ पाश्चात्य देशांतून मागे पडल्यानंतरही पंजाबात आणि सौराष्ट्रात नवे घडत राहिले, कारण ते स्वस्त होते, दुरुस्तीला सोपे होते, आणि गावच्या वर्कशॉपला तेवढे पुरत असे. खुद्द इंग्लंडातही मायफर्डने आट्यांचे स्पिंडल फार उशिरापर्यंत सोडले नाही. म्हणून रचनेतील नवी गोष्ट वयाची एक मर्यादा पक्की करते, जुनी गोष्ट काहीच पक्के करत नाही. हा भेद ज्याला उमगला त्याचे अर्धे काम झाले असे म्हणता येईल.

मापांचा पुरावा याहून बोलका आहे, आणि भारतीय लेथच्या अभ्यासात त्याला पहिले स्थान द्यायला हवे. ब्रिटिश परंपरेतील लेथचा लीड स्क्रू बहुधा दर इंचाला चार आटे असा असतो, युरोपीय परंपरेत दोन आट्यांमधले अंतर सहा मिलिमीटर असणे नेहमीचे. फरक डोळ्यांना कळत नाही, पण पट्टीने दहा आटे मोजले तर पहिल्याची लांबी ६३.५ मिलिमीटर भरते आणि दुसऱ्याची ६०. भारतात वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, परंतु कारखान्यातले इंची लेथ त्यासाठी कोणी फेकून दिले नाहीत. त्यांच्यावर मेट्रिक आटे पाडण्यासाठी १२७ दातांचे एक चक्र लागते, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्या अपूर्णांकाला पूर्ण संख्येत आणणारा सर्वांत लहान आकडा १२७ आहे. लेथबरोबरच्या डब्यात १२७ दातांचे चक्र सापडले, तर ते यंत्र इंचांच्या जगात जन्मून मिलिमीटरची कामे करत आले असे मानण्यास चांगला आधार मिळतो. आणि ते चक्र मूळ संचापेक्षा वेगळ्या बिडाचे किंवा वेगळ्या दातकामाचे असेल, तर ते नंतर कुठल्या तरी स्थानिक कारागिराने पाडून दिले हेही कळते. देशाच्या मापपद्धतीतील एवढे मोठे स्थित्यंतर अशा एका चक्रात हातात धरता येते, ही गोष्ट इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला महत्त्वाची वाटावी.

मापांशीच मॉडेलच्या नावाचा संबंध आहे. लेथचा आकार सांगण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या: ब्रिटिश आणि युरोपीय परंपरेत मार्गिकेपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची सांगतात, अमेरिकी परंपरेत जास्तीत जास्त किती व्यासाचे काम फिरू शकते ते, म्हणजे साधारण त्या उंचीची दुप्पट, आणि आपल्या बाजारात आजही ‘साडेचार फुटी’, ‘सहा फुटी’ असे बेडच्या लांबीवरून बोलतात. हिंदुस्तान मशीन टूल्सच्या, म्हणजे एचएमटीच्या, एच-२२ किंवा एनएच-२२ या नावांतला आकडा केंद्राची उंची २२० मिलिमीटर असल्याचे सांगतो, एनएच-२६ मध्ये ती २६० असते, एलबी-१७ मध्ये १७०. नावाचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेली उंची जुळत नसेल, तर हेडस्टॉकखाली ठोकळे घालून यंत्र उंच केले आहे का, अथवा पाटीच दुसऱ्या लेथची आहे का, हे पाहावे.

मराठी वाचकाला या सर्वांत जवळचे वाटावे असे नाव हरिहरचे आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर वसवलेल्या किर्लोस्करवाडीपर्यंत जी वाटचाल केली ती महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्यांच्या घराण्याने १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ ही कंपनी मुख्यतः लेथ बनवण्यासाठी उभी केली आणि तिची धुरा लक्ष्मणरावांचे पुत्र रवि किर्लोस्कर यांनी वाहिली, ही गोष्ट मात्र तुलनेने कमी सांगितली जाते. काळ महायुद्धाचा होता, विलायतेहून यंत्रे येणे दुर्मीळ झाले होते, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांपासून रेल्वेच्या वर्कशॉपांपर्यंत सर्वांना लेथ हवे होते. हरिहरच्या ‘एंटरप्राइज’ आणि ‘टर्नमास्टर’ या मालिकांनी पुढे देशभर नाव मिळवले. आयटीआयच्या प्रशिक्षण शाळांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपांत टर्नरांच्या कितीतरी तुकड्या या लेथवर शिकल्या, आणि टर्नमास्टर परदेशांतही विकला गेला. या शतकाच्या आरंभी हा कारखाना बंद पडला, त्यामुळे आता निर्मात्याला पत्र लिहून यंत्राचे वर्ष विचारण्याची सोय उरलेली नाही. मराठी संशोधकाजवळ मात्र एक साधन आहे, ज्याचा या कामी पुरेसा उपयोग झालेला नाही: ‘किर्लोस्कर’ हे मासिक १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने उद्योगाचे वार्तापत्र म्हणून सुरू झाले होते, आणि त्याच्या जुन्या खंडांतल्या जाहिराती कथा-लेखांइतक्याच काळजीने चाळल्या, तर कोणते यंत्र केव्हा बाजारात होते याचा तारीखवार माग लागू शकतो.

बेंगळुरूची दुसरी परंपरा सरकारी आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला जालहळ्ळी येथे १९५३ मध्ये हिंदुस्तान मशीन टूल्सची स्थापना स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने झाली आणि तिचा पहिला लेथ एच-२२ हा स्विस आराखड्यावर आधारलेला होता. त्यामुळे १९५० च्या दशकातला हरिहरचा लेथ आणि त्याच दशकातला जालहळ्ळीचा लेथ शेजारी ठेवले, तर वय सारखे असूनही एकाची नाळ ब्रिटिश घडणीशी आणि दुसऱ्याची मध्य युरोपाशी जुळलेली आढळते. मुठींचे आकार, हेडस्टॉकच्या कडांचे वळण आणि डायलवरची मापे सर्वच वेगळे.

तिसरी परंपरा युद्धाची. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमान कारखाना, शहरातून व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरच, उभारला आणि त्यासाठी यंत्रसामग्री अमेरिकेतून मागवली; १९४३ पासून तिथे अमेरिकी हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती होत असे. त्या काळच्या ब्रिटिश आणि अमेरिकी लेथवर कधी कधी ‘वॉर फिनिश’ असे लिहिलेली छोटी पाटी आढळते: रंग आणि बाह्य सफाई युद्धकाळामुळे साधी ठेवली आहे, अचूकता कमी केलेली नाही, असा तिचा अर्थ. वय ठरवण्याच्या दृष्टीने अशी पाटी फार कामाची, कारण ती यंत्राला अवघ्या पाच-सहा वर्षांच्या कालखंडात आणून बसवते.

विजेच्या मोटरचाही एक खास म्हैसुरी पुरावा आहे. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये मुख्यतः कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी सुरू झाले आणि तिथली वीज सेकंदाला २५ आवर्तनांची होती, पुढे सर्वत्र रूढ झालेल्या ५० आवर्तनांची नव्हे. मोटरच्या पाटीवर २५ सायकल असे लिहिलेले असेल, तर ती मोटर जुन्या म्हैसूर प्रदेशाच्या त्या आरंभीच्या वीजपुरवठ्यासाठी घेतली असण्याचा संभव बळावतो. पण मोटर हा लेथचा सर्वांत सहज बदलला जाणारा भाग आहे, म्हणून तिचे वय यंत्राला लावणे चूक. ती यंत्राच्या आयुष्यातला एक टप्पा सांगते, जन्म नव्हे.

वस्तुतः जुना लेथ क्वचितच एका वयाचा असतो. बेड एका दशकाचा, मोटर दुसऱ्या, टेलस्टॉक भंगारातून मिळालेल्या भावंडाचा, टूलपोस्ट गेल्या वर्षीचा. आणि मार्गिकांवर स्क्रेपरच्या बारीक खुणा असतील, तर त्या कारखान्यातल्या मूळ आहेत की नंतर कुणी कसबी फिटरने झिजलेला बेड हाताने पुन्हा सपाट केला तेव्हाच्या, हे हेडस्टॉकजवळच्या आणि टोकाच्या खुणांची तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. याशिवाय परदेशी लेथचे सुटे भाग साचा म्हणून वापरून ओतलेल्या नकला पुष्कळ आहेत. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून मूळ भागावरूनच साचा घेतलेल्या नकलेची जी मापे यंत्रावर तासलेली नाहीत ती मूळ मापांपेक्षा किंचित कमी भरतात, आणि व्हर्नियर हातात असेल तर नक्कल तेवढ्यावरून उघडी पडते. अशा नकलांना कमी लेखण्याचे कारण नाही. ज्यांनी त्या ओतल्या त्यांनी आराखडा न मिळताही चालणारे यंत्र उभे केले, आणि गावोगावच्या उसाच्या चरकांपासून पंपांपर्यंत सर्व दुरुस्त्या त्यांच्यावर झाल्या. अभ्यासकाने त्यांना मूळ यंत्राइतकीच काळजीपूर्वक जागा द्यायला हवी.

या ओळखीचा उपयोग व्यवहारातही आहे, कारण मॉडेल कळल्याशिवाय तुटलेल्या चक्राचे दात, स्पिंडलचे बेअरिंग किंवा चकची बॅकप्लेट योग्य मिळत नाही. परंतु मोठे कारण हे की देशी यंत्रनिर्मितीचा इतिहास कंपन्यांच्या अहवालांत जेवढा उरला आहे त्याहून जास्त तो या यंत्रांवर कोरलेला आहे, आणि तो झपाट्याने नाहीसा होत आहे. व्हाइटफील्डच्या रस्त्यावर जमिनीचे भाव चढले तसे कारखाने हटले आणि कार्यालये आली. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांपुढे जुने लेथ मागे पडले. आणि बिडाचा भाव किलोवर ठरत असल्यामुळे भंगारवाल्याच्या काट्यावर १९४० चा लेथ आणि १९८० चा लेथ यांत काही फरक उरत नाही. जालहळ्ळीत एचएमटीने आता स्वतःचे संग्रहालय केले आहे, पण हरिहरच्या लेथसाठी अशी नोंद ठेवणारी जागा उभी राहणे बाकी आहे.

म्हणून व्हाइटफील्डच्या रस्त्यावर असो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असो की बेळगावच्या उद्यमबागेत, ज्यांच्या वर्कशॉपात जुना लेथ उभा आहे त्यांना एवढीच विनंती आहे: तो विकण्यापूर्वी बेडचे टेलस्टॉककडचे टोक रॉकेलने पुसून तिथला क्रमांक उतरवून घ्यावा, सर्व पाट्यांची छायाचित्रे काढावीत, केंद्राची उंची आणि लीड स्क्रूच्या दहा आट्यांची लांबी मोजून लिहावी, आणि खरेदीची जुनी पावती असेल तर ती त्या कागदाला जोडून ठेवावी.